लाल चिंधी

प्रिय धाकटे,

हे पत्र मी उभ्यानेच लिहिते आहे. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की दाराशी जावंसं वाटतं. चार वाजता आपल्या दूध संस्थेची सभा आहे आणि घड्याळात अडीच वाजलेत. मघाशीही अडीचच होते. तुझे दाजी म्हणाले, "सभा तुझी आहे, पण पाय माझ्या डोक्यात वाजतायत."

संस्था काढायला आपण दोघी दारोदार फिरलो होतो, आठवतं? तेव्हा तो व्यापारी दुधात बोट बुडवून चाटायचा, "आंबूस आहे" म्हणायचा आणि निम्म्या भावात घेऊन जायचा. त्याची जीभ हेच यंत्र! दावणीला चार गाई असून घरात पोरं कोरा चहा प्यायची. आता सगळ्यांचं दूध एका टाकीत, सगळ्यांना भाव एक. गळकी छपरं गेली, मुली कॉलेजात गेल्या, विकून घरातही दूध उरायला लागलं. भांडणंही वाढली म्हणा. पोट भरलं की गळा चालतो.

पण एका टाकीचं दुखणंही एकच. एकाचं बिघडलं की सगळ्यांचं गेलं. म्हणून नियम मीच केला: गाईला इंजेक्शन दिलं की खुंट्याला लाल चिंधी बांधायची आणि शेवटच्या इंजेक्शनपासून तीन दिवस दूध मोरीत ओतायचं. चुकेल तो वर्षभर संस्थेबाहेर. कुणी कुरकुरलं तेव्हा मी भर सभेत म्हणाले, "ज्यांना तीनपर्यंत मोजता येत नाही, त्यांनी कोंबड्या पाळाव्यात." टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्या की माझी जीभ कुणाचं ऐकत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

सोमवारी शहरातून टँकर परत आला. दुधात औषध सापडलं. अख्ख्या गावाचं दूध नाल्यात ओतावं लागलं. काठावर सगळे उभे राहून पाहत होते. संध्याकाळपर्यंत गुन्हेगार ठरला होता: टोपलीवाली. टोपल्या विणून जगणारी बाई, संस्थेच्या आधाराने गेल्या वर्षी आयुष्यातली पहिली गाय घेतलेली. तिच्याही गाईला त्याच आठवड्यात इंजेक्शन दिलं होतं. तिने चिंधी बांधलेली सगळ्यांनी पाहिली होती. पण ती नवी, त्यात गरीब. आणखी पुरावा कशाला हवा?

काल ती घरी आली. भांडली असती तर सोपं गेलं असतं. म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. माझंच मोजायचं चुकलं असेल. पण उद्याच्या सभेत मला काढलंत, वर्षभर दूध घेतलं नाहीत, तर गाय विकावी लागेल हो. माझ्याशिवाय कुणाच्या हाताला धार देत नाही ती." मी तिला चहा दिला. त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. तिला वाटलं, मला ताप आलाय.

धाकटे, त्याच्या आदल्या दिवशीच गोठ्याच्या कोनाड्यात मला डॉक्टरांची चिठ्ठी सापडली होती. माझ्या गाईला इंजेक्शनं दोन झाली होती, गुरुवारी एक, शुक्रवारी दुसरं. मी गुरुवारपासून मोजलं, रविवारी रात्री चिंधी सोडली आणि सोमवारी सकाळी माझं दूध टाकीत ओतलं. शुक्रवारपासून मोजलं असतं, तर सोमवारचंही मोरीतच जायला हवं होतं. हे अजून तुझ्या दाजींनाही माहीत नाही. सभेत उभी राहिले की एखादा विनोद करून मी निसटून जाईन, अशी मला माझीच भीती वाटते. म्हणून हे पत्र. टँकरवाला दुपारच्या फेरीला तीनला निघतो, तुझ्या दारावरूनच जातो. एकदा त्याच्या हातात दिलं की सुटका नाही. संध्याकाळी तुझा फोन येणार, "सांगितलंस का?" आणि तुझ्याशी मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. हा बघ, हॉर्न वाजला. जाते. तिकडे चांगल्या कोंबड्या कुठे मिळतात, तेवढी चौकशी करून ठेव.

तुझीच,
ताई