पानाखालच्या पांढऱ्या रेघा

रविवार, २३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, फार मनावर घेऊ नकोस. इकडे सगळं ठीक. मोरीचा नळ गळायचा थांबला. मांजर व्यायली. बाबा दवाखान्यातून घरी आले आहेत, जिना अजून चढवत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्राला ‘मीटिंगमध्ये आहे’ असं सांगता येत नाही.

आधी तुला झाड ओळखायला शिकवते. वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांच्या पोराला हे शिकवायची वेळ यावी! फर आणि यू, दोन्ही थंड हवेतली झाडं, बारमाही हिरवी. दोन्हींची पानं चपटी, फांदीच्या दोन्ही अंगांना कंगव्याच्या दातांसारखी. लांबून फसायला होतं, मान्य. पण पान उलटं करायला काय लागतं रे? फरच्या पानाखाली दोन पांढुरक्या रेघा असतात. यूच्या पानाखाली नुसता फिकट हिरवा रंग. फरचं पान चुरगळलं की राळेचा वास बोटांना चिकटतो. यूला म्हणावा असा वासच नाही. फरचे शंकू फांदीवर मेणबत्त्यांसारखे उभे राहतात. यूला तसे शंकू येत नाहीत, लाल, मऊ, वाटीसारखं फळ येतं आणि आत एक बी. त्याचं पान, साल, बी, सगळं विषारी. हे बाबांनी आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं.

पातेल्यात उरलेल्या डहाळीला ते लाल फळ लटकत होतं, शहाण्या.

कुठलासा व्हिडिओ बघून, फरच्या पानांचा काढा खोकल्याला चांगला म्हणून तू वाचनालयाच्या कुंपणावरून फांदी ओरबाडून आणलीस. मी कामावर होते, हे मागाहून बाबांकडून कळलं. बाबांच्या एका डोळ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी, दुसऱ्याने धूसर दिसतं, सर्दीने नाक चोंदलेलं. त्यांनी तरी विचारलं, “कशाची पानं रे?” तू म्हणालास, “फरची. एवढं कळतं मला.” झालं. त्यांनी पेला रिकामा केला.

दवाखान्यात मी विचारलं, “का प्यायलात?” तर म्हणाले, “त्याने पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी चुलीवर ठेवलं होतं गं.” हे त्यांनी फक्त मला सांगितलं.

तू दुपारच्या गाडीने निघून गेलास. मी आले तेव्हा बाबा न्हाणीच्या दारात आडवे, नाडी हाताला लागेना. रुग्णवाहिकेतून तुला फोन लावला, “काय प्यायले ते सांग, डॉक्टर विचारतायत.” तू म्हणालास, “मला काय माहीत? मी नुसता चहा दिला.” पातेलं मी सोबत घेतलं होतं म्हणून डॉक्टरांना विष कळलं, नाहीतर आज हे पत्र वेगळंच असतं.

चूक कुणाच्याही हातून होते. तुझ्या चुकीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण ‘नुसता चहा’? बाप तिथे श्वासासाठी धडपडतोय आणि तू कानांवर हात ठेवतोस?

शुद्धीवर आल्याआल्या बाबांनी डॉक्टरांना काय सांगावं? “पानं मीच तोडली. डोळ्यांनी दगा दिला.” तू नामानिराळा. गावभर झालं, सरांना फर आणि यू कळेना, म्हातारपण आलं. ज्यांना बाबांनी पानं हातात धरून शिकवलं, ते आता त्यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं.

काल उद्यान समितीचे चिटणीस आले होते. लोकांना झाडं ओळखायला शिकवायची रविवारची वृक्षफेरी आता दुसऱ्या कुणाकडे देतायत. “सर, तुम्ही आराम करा.” इतकी वर्षं ती फेरी बाबांची. बाबा म्हणाले, “बरोबर आहे. लोकांच्या जिवाशी खेळ नको.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चिटणिसांना सगळं सांगून टाकलं, तुझ्या नावानिशी.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिटणिसांना म्हणाले, “तिचं आणि भावाचं पटत नाही. रागात काहीही बोलते. मनावर घेऊ नका.”

हे लिहायचं नव्हतं. नळ, मांजर, पानं, सगळं लिहून झालं तरी हात इथेच येऊन थांबला. अंथरुणाशी बसले मी, औषधं दिली मी, आणि परक्या माणसासमोर खोटी ठरले मी. रात्री त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तू सोसशील. त्याला सोसवणार नाही.” मी हात बाजूला केला.

मी पुन्हा कुणाला सांगायला जाणार नाही, माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? आता तू ये. चिटणिसांच्या घरी स्वतःच्या पायांनी जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. माझी माफी मागू नकोस, मला ती नको आहे. बाबांना त्यांचा रविवार परत दे. ते जमणार नसेल तर या घराची पायरी चढू नकोस. बाबांनी विचारलं तर ‘कामात आहे’ म्हणून यापुढे मी सांगणार नाही.

तुझ्यापायी खोटारडी ठरलेली,
ताई