ड्रायव्हरकडचं दार

मस्कत. शुक्रवार, संध्याकाळ

तरी दादाला आधीच सांगितलेलं, पत्रा बदल, इंजिन खोल, पण बाबांच्या पिकअपचं ड्रायव्हरकडचं दार रंगवायचं नाही. आज फोनवर परत तेच. "रंगारी हसता रे! सगळी गाडी नवी आणि एक दार जुना? ठिगळ लावल्यासारखा दिसतला."

मी म्हटलं, कंपनीचा मूळ रंग असला की जुन्या गाडीला किंमत जास्त येते.

"गाडी खंय इकूची आसा? माका मासळी भरूची आसा. थंय बसान हुकूम सोडतंस!"

त्याचं खरंच आहे. विकायची कुणाला आहे? मग मी असं का बोललो? दुसरं काही सुचलं नाही.

खिडकीखाली बाबांचं कोपर घासून घासून तळव्याएवढा रंग गेलाय. तिथला पत्रा कायम चकचकीत असायचा. आता तिथंच गंज धरतोय, दादा म्हणाला. बाबा गेले तेव्हा मी इथंच होतो, रजा मिळाली नाही. रडू आलं नाही. आजही काही वाटत नाही. नुसती ती कोपराची जागा डोळ्यांसमोर येते.

हे दादाला कसं सांगायचं? एवढंच म्हटलं, तिथं रोज खोबरेल तेलाचा हात फिरव, गंज थांबेल.

मग तो म्हणाला, "बरा, ऱ्हवांदे दार. पण रंगारी पैसे पुऱ्या गाडयेचेच घेतलो."

घेऊ दे. उद्या पंचवीस हजार पाठवतोय.