आरशावरचं तेल

नागापूर,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय धनश्री,

कशी आहेस? मी ठीक. वर्कशॉपात लेथवर बसवलंय, जेवण वेळेवर होतं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तेलाच्या त्या प्रकारानंतर सोनईच्या शाळेनं तुझा ग्रहदर्शनाचा कार्यक्रम बंद केला, पुढच्या सात गावांनीही नको म्हटलं, असं कळलं. वाईट वाटलं. वाईट कसलं, डोकंच फिरलं. आठ महिने काच घासून तू दुर्बिणीचा तो आरसा केलास. कॉलेज सोडलं तरी मी दर रविवारी घासायला यायचो. का यायचो, ते तुला माहीत आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी शाळेतल्या कार्यक्रमालाही तुझ्यासाठीच आलो. तू मात्र पुण्याहून आलेल्या त्या चष्मा लावणाऱ्या पोराशेजारी उभी राहून पोरांना सांगत होतीस, "यंदा शनीची कडी सुतासारखी बारीक दिसतात, कारण आपण ती कडेनं बघतोय." हसत होतीस. मी दुर्बिणीजवळ राखणीला.

तेवढ्यात तुझे आजोबा आले. शिंगणापूरहून परतताना उरलेली तेलाची बाटली हातात.

"सुनील, शनिदेव ह्याच्यातच दिसत्यात व्हय?"

"व्हय, आप्पा."

"मग तेल कुठं वाहायचं?"

इथवर सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणाला सांगितलं नाही. मी म्हणालो, "वाहा की वरनं, तोंड उघडंच हाय." तुझ्याकडं बघत, रागात बोललो. त्यांना ते खरं वाटलं. त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि दुर्बिणीच्या नळीत, थेट तळाच्या आरशावर, बाटली उपडी केली.

तू किंचाळलीस, तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच त्यांच्या अंगावर गेलो. "एवढं वय झालं, अक्कल न्हाई का?" हे मी म्हणालो. मी! त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि लोकांना म्हणाले, "चुकलं माझं."

आरशावरचे ओरखडेही माझेच. घाईत फडक्यानं पुसला.

काल तुमच्या शेजारच्या बनाबाई भेटल्या. "देव कोपला म्हनतोय म्हातारा. जेवत न्हाई रं. नात बी बोलंना."

उद्या रजा टाकलीय. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सगळं सांगतो. कार्यक्रम पुन्हा सुरू करतील का, माहीत नाही.

तू मात्र हे पत्र मिळताच आप्पांजवळ बस. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल. म्हणजे नाही चालणार, पण ते माझं मी बघेन. त्यांना ताट वाढ आणि सांग, देव नाही कोपला, सुनील चिडला होता.

तुमच्या घराचा अपराधी,
सुनील