पिवळ्याला जोड

अमरावती,
मार्चअखेर, गुरुवार

सन्माननीय व्याही भगवंतराव,

चांदूर रेल्वेच्या दिशेला तोंड करून खुशालरावाचा नमस्कार. घरून ती दिशा बरोबर सापडते. मागच्या गल्लीतून गाडीची शिट्टी ऐकू येते. विहीणबाईंच्या गुडघ्याला उतार असावा. नसेल तर वैद्य बदला, पण मी सुचवलेलं तेल लावू नका. (गेल्या महिन्यापासून माझ्या सल्ल्यांवर माझा स्वतःचाच विश्वास राहिलेला नाही.) वांग्याला भाव कसा आहे? मोगऱ्याविषयी शेवटी लिहितो. माझी प्रकृती चांगली आहे. जेवण जातं, झोप लागते, आणि दोन्हींची लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. फोनवर तुम्ही आधी "बोला सर" म्हणता. चौतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवल्यामुळे गाव मला सर म्हणतं, तुम्हीही म्हणता. सर म्हटल्यावर मी सरासारखा बोलू लागतो. जे सांगायचं आहे ते त्या आवाजात सांगता येणार नाही.

तुमच्या योगेशचा अकोल्यातला, जठारपेठेतला समुद्र तुम्ही पाहिलेला आहे. हॉलभर लांबीची काचेची टाकी, मीठ कालवलेलं पाणी, दगडांवर वाढणारं जिवंत प्रवाळ. अकोल्याच्या उन्हात माणसांना कूलर पुरतो, त्या पाण्याला मात्र गार ठेवायला वेगळं यंत्र आहे. (दीपमाला म्हणते, पुढच्या जन्मी आपण मासा होणार, पण याच घरात.) आत पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, वाळू उपसणारे दोन बारके, आणि एक पिवळा. त्याला टँग म्हणतात. पिकल्या लिंबाचा रंग, बशीएवढा, एकटा. पाच वर्षांपूर्वी योगेशनं सगळ्यांत आधी आणलेला मासा तो.

दोघं तेरा दिवस पुण्याला गेली. योगेशचं ट्रेनिंग होतं, दीपमालाला तिच्या शाळेतून रजा मिळाली. मी रिकामा, म्हणून समुद्र माझ्याकडे. योगेशनं फ्रिजवर एक कागद लावला होता. नवा मासा आणायचा नाही. एकाच जातीचे, एकाच रंगाचे दोन पिवळे एका टाकीत कधीच नाही. कधी नवा सोडायचाच झाला तर आधी दगडांची जागा बदलायची, दिवा बंद ठेवायचा, म्हणजे जुन्याला हक्क सांगायला जुनं घर उरत नाही. दर तिसऱ्या दिवशी दोन बादल्या पाणी बदलायचं, काढलेलं नालीत ओतायचं. एक शब्द जास्त नव्हता. मला अशी भाषा आवडते. मी भाषेचं मनात कौतुक केलं आणि मजकूर बाजूला ठेवला. (याच चुकीसाठी मी मुलांचे गुण कापत असे.)

दुसऱ्या दिवशी तुम्ही फुलकोबी आणि दीपमालासाठी मोगऱ्याचं कलम घेऊन आलात. टाकीसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "सारे दोघं दोघं हायेत. हा पिवळा एकलाच कावून फिरून राहिला?" तुमच्यावर मी ठपका ठेवत नाही. (चार दिवस ठेवला होता. परत घेतो.) तुम्ही चहा पिऊन निघून गेलात, प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. मग मी दिवसभर त्यालाच पाहू लागलो. तो काचेपर्यंत येई, वळे, परत जाई. दीपमालाची आई गेल्याला तीन वर्षं झाली. संध्याकाळी मी घराच्या फाटकापर्यंत जातो, वळतो, परत येतो. माशाचा माझ्याशी काही संबंध नव्हता, हे आता लक्षात येतं.

त्यात आपली जुनी रीत. लेकीच्या घरी फुकट जेवू नये. तेरा दिवस त्यांच्या डब्यांतलं पीठ, त्यांचं तेल, त्यांचा गॅस, आणि निघताना हातात काही नाही, हे बरं दिसेना. दीपमालाला साडी आवडत नाही. योगेशला शर्ट मी घेतला तर तो घालत नाही (आभार मानतो, घालत नाही). त्याला आवडते ती एकच गोष्ट भिंतीजवळ उजळत होती. पिवळ्याला जोड आणून द्यावी, एका वस्तूत रीत आणि दया दोन्ही भागतील, असा माझा हिशेब होता. शिवाय त्या दोघांच्या लग्नात सहजीवन या विषयावर मीच बोललो होतो. तुम्हाला आठवत असेल. पंगतीतला भात गार झाला होता. विषय आपल्याला येतो, असं मला वाटत होतं.

अकोल्यात खाऱ्या पाण्याचे मासे धर्मपाल नावाचा माणूस नागपूरहून मागवून देतो. मी त्याच्या दुकानात गेलो. कोणाच्या टाकीसाठी, ते सांगितलं नाही. मुलगी पाहायला गेल्यासारखा बसलो आणि विचारलं, स्वभाव कसा आहे, भांडखोर नाही ना. तो म्हणाला, "सर, याच्या तोंडात दात तरी दिसून राहिले का तुमाले?" मी वाकून पाहिलं. तोंड लहान, पुढे आलेलं, शीळ घालत असल्यासारखं. एवढ्या तोंडाचा प्राणी कोणाचं काय वाईट करणार. मी होकार दिला. या माशाचं हत्यार शेपटीच्या मुळाशी असतं, नस्तरासारखा काटा, हे मी नंतर वाचलं. आपण स्थळ पाहतो तेव्हाही चेहराच पाहतो.

पाहुणा दोन बोटं मोठा होता. मी दगड हलवले नाहीत. दिवाही चालूच ठेवला, एकमेकांना नीट दिसावं म्हणून. पहिली पाच मिनिटं दोघं समोरासमोर स्थिर होते. मला वाटलं, ओळख पटली. मग आपल्या पिवळ्यानं अंग वळवून शेपटी मारली, आणि पाहुण्यानं ती व्याजासकट परत केली. मी वरणाचा डाव घालून त्यांना वेगळं करत होतो. मग दगड हलवले, दिवा बंद केला, कागदावरचे माशांचे नियम उलट्या क्रमानं पाळले. धर्मपालला फोन केला. तो म्हणाला, "एकात दुसरा सोडला? मले पहिले सांगतलं असतं तर मी देल्लाच नसता ना, सर." सकाळी आपला पिवळा वाळूवर आडवा होता. नारिंगी जोडी त्याच्यावरून फिरत होती. त्यांना काही फरक पडला नव्हता.

आता खरी लाजेची गोष्ट. योगेश परतला, चप्पल न काढता टाकीजवळ गेला. आत एक पिवळा होता, जसा ठेवून गेला तसाच. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "मामाजी, याची तब्येत तर मस्त करून टाकली तुमी. भरला थो." मी तोंड मिटलं. भगवंतराव, मेलेल्या माशाच्या तब्येतीची शाबासकी मी घेतली. वर म्हणालो, पालक घालत होतो. त्यानं ही पालकाची गोष्ट मासे पाळणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली. आता यवतमाळहून एक गृहस्थ मला पालकाचं प्रमाण विचारतात. मी त्यांना उत्तरं देतो.

आणि गेल्या सोमवारी योगेशनं फोन केला. अमरावतीत एकटे कशाला राहता, मागची खोली रिकामी आहे, आमच्याकडे या, कायमचे. "तुमचा हात घराले मानवते," असं तो म्हणाला. दीपमाला फोनजवळच होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मला जायचं आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. फाटकापर्यंत जाऊन परत येण्याचा कंटाळा आला आहे. पण ज्या हातामुळे मला बोलावणं आलं, तो हात कसला आहे हे त्या घरात माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. विचार करतो म्हणालो. आज चौथा दिवस.

विहीणबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
खुशालराव

ता. क. एवढ्यासाठीच हे पत्र. पुढच्या रविवारी योगेश तुमच्याकडे येणार आहे. वाफ्यातून फिरताना त्याला तुम्ही सांगा. तुमच्या बोलण्यात वाईट बातमी सुद्धा पावसापाण्याच्या बोलण्यासारखी येते. मी सांगितली तर प्रस्तावना होईल. ऐकून त्याचा चेहरा उतरला तर मला कळवा, मी इथेच राहीन.

ता. क. दुसरी, शुक्रवार. पत्र टाकायला निघालो तर योगेश दारात. विचार फार दिवस चालला म्हणून स्वतः विचारायला आला. मी उभ्या उभ्या सांगितलं, तो पिवळा तो नव्हे. तो म्हणाला, "मालूम हाये, मामाजी. आपल्या पिवळ्याच्या डाव्या परावर फाट होती. आल्याबरोबर पाह्यलं." मग बोलला का नाहीस, मी विचारलं. "तुमी टाकीकडं पाहूनच नव्हते राहिले. मंग मी काय बोलू?" पाणी प्यायला. रिकामा पेला हातात फिरवत राहिला. पाच वर्षांचा मासा होता तो. मग म्हणाला, "बॅगा भरा. कपाट हॉलमंदी आनलं, आमचा पलंग दुसऱ्या भिंतीले लावला, दीपमालानं सैपाकघर बी फिरवलं. आता कोनालेच काही जाग्यावर सापडून नाही राहिलं." मला फ्रिजवरच्या कागदातली दगडांची जागा बदलण्याची ओळ आठवली. बॅगा भरल्या.

ता. क. तिसरी. तेव्हा रविवारी योगेशला काही सांगू नका. पण मोगरा. त्या कागदाची शेवटची ओळही मी पाळली नाही. अकोल्यात नळ इतक्या दिवसांनी येतो की भरली बादली नालीत ओतायला हात होत नाही. ते पाणी मी ड्रमात साठवलं आणि तुमच्या कलमाला मग्यामग्यानं रोज घातलं. खारं होतं. आपला पिवळाही त्याच कुंडीत आहे. पानं करपली तेव्हा दीपमालानं तुम्हाला विचारलं, तुम्ही "मुळी सडली असन" म्हणालात, आणि ती रोज औषध मारते. कलमाचा दोष नव्हता, तुमचाही नाही. तरी रविवारी योगेशच्या हाती तेवढंच, तशाच पानांचं एक कलम पाठवा, गोणपाटात गुंडाळून. सोमवारी दुपारी दीपमाला शाळेत असेल, तेव्हा मी कुंडीत बदलून टाकतो. दिसायला सारखं असलं की तिला कळणार नाही.