बिल मांडणाऱ्या सदस्याचं नाव

टीचर, तुम्हाला मराठीत लिहिते आहे याचंच आधी नवल वाटतं. सौदीतल्या हुफूफच्या त्या शाळेत वर्गात इंग्रजी चालायचं, मधल्या सुट्टीत हिंदी, आणि मराठी फक्त आपण दोघी जिन्यात समोरासमोर आलो तर. "काय गो, डबा खाल्लास?" असं तुम्ही रत्नागिरीच्या हेलात विचारायचात आणि मी "येस टीचर" म्हणून खाली उतरायचे. बरोबरच्या मुलींसमोर मला तुमच्या बोलण्याची लाज वाटायची. हे इथे लिहिते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्याच्या मानाने हे सोपं आहे.

इराकने कुवेत घेतल्यानंतरचे ते महिने. मी आठवीत होते. खजुराच्या बाजाराबाहेर दोन अमेरिकन सैनिक पेप्सी पीत उभे असलेले मी पाहिले होते. खांद्याला रायफली, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नागरिकशास्त्राच्या तासाला मी विचारलं, यांच्या देशात साधी माणसंही असंच फिरू शकतात का? तुम्ही म्हणालात, ते तिथलं प्रत्येक राज्य आपापल्या विधानसभेत ठरवतं. कसं ठरवतं, ते आपण करूनच बघू. नाहीतरी तो धडा यायचाच होता. पुढचे सहा तास आमचा वर्ग एका बिननावाच्या राज्याची विधानसभा झाला. तुम्ही सभापती, हातात डस्टर. प्रश्न माझा म्हणून बिल मी मांडायचं, आणि अक्षर बरं म्हणून कामकाजाची नोंदही मीच ठेवायची. मी लिहून आणलं की कोणत्याही सज्ञान नागरिकाला बंदूक इतरांना दिसेल अशी जवळ बाळगता येईल. तुम्ही "दिसेल अशी" खाली रेघ मारलीत. "कुणाला दिसेल? किती अंतरावरून? कोटाखाली अर्धी दिसली तर?" मी ते कलम चार वेळा लिहिलं. आज मी एका कारखान्यात प्रेशर गेज तपासून प्रमाणित करते आणि रोज असलेच प्रश्न विचारते. ते मला तुमच्याकडून मिळाले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरं वाचन सुरू आहे. खिडकीला कागदी पट्ट्या चिकटवलेल्या, काच फुटली तर उडू नये म्हणून. मागच्या बाकावरची हैदराबादची मुलगी उभी राहते. "मॅडम, छुपाके रखे तो ज़्यादा डर है. दिखती रही तो मालूम तो रहता!" केरळची एक जण म्हणते, "मालूम रहके क्या करेगी? भागेगी?" वर्ग हसतो, डस्टर दोनदा आपटतो. मग समिती नेमली जाते आणि दुरुस्त्या येतात: शाळेत नाही, इस्पितळात नाही, प्रार्थनेच्या जागी नाही. "और शादी में तो बिल्कुल नहीं," हैदराबादवाली पुन्हा उठते, "हमारे मामू ने ख़ुशी में पानी की टंकी उड़ा दी थी!" तुम्ही सभापती आहात हे विसरून टेबलावर डोकं टेकून हसता. ती दुरुस्ती एकमताने मंजूर होते. तिसऱ्या वाचनानंतर बिल दोन मतांनी पास झालं. मी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि तुम्ही वर्गाच्या फळ्याशेजारी टाचणीने लावलंत.

त्याच आठवड्यात शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई आल्या. सीमेवर फौजा उभ्या होत्या आणि परदेशी लोकांच्या शाळेत भिंतीवर बंदुका जवळ बाळगण्याचा कायदा लावलेला. त्यांनी कागद काढला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. दुपारी कळलं की ज्याने हे बिल लिहिलं त्याची चौकशी होणार.

घरी आई पोळ्या लाटत होती. बाबा ओट्याला टेकून उभे राहिले. "तू फक्त नोंद ठेवत होतीस, एवढंच सांग. कफीलपर्यंत गेलं आणि त्याने व्हिसा रद्द केला तर आपण खलास." मी मान हलवली. तुम्हीही तिथे नवऱ्याच्या इकाम्यावरच, त्याच्या राहण्याच्या परवान्यावरच होतात आणि तो कंपनीच्या कॅम्पात वेल्डर होता, हे मला ठाऊक होतं. सकाळी हेडमिस्ट्रेसच्या खोलीत बसून मी चौकशीसाठी संपूर्ण कामकाजाची प्रत काढली. "बिल मांडणाऱ्या सदस्याचं नाव" असा त्यात एक रकाना होता. त्यात मी तुमचं नाव लिहिलं.

तुम्हाला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते. तुम्ही पानं शेवटपर्यंत वाचलीत, माझ्याकडे पाहिलं नाहीत. "हो, माझंच बिल," म्हणालात. पंधरा दिवसांत नवऱ्याचा करार संपवला गेला आणि तुमच्या दोघांच्या पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का पडला. जिन्यात खडूचा डबा घेऊन उतरताना तुम्ही थांबलात. "राज्यपालांची सही राहिलीच गो," म्हणालात, आणि हसलात. मी तेव्हाही "येस टीचर" म्हटलं.

पुढे ही गोष्ट मी दोनदा सांगितली, एकदा मैत्रिणीला आणि एकदा नवऱ्याला. दोन्ही वेळा सांगितलं की माझ्याकडून ते लिहून घेतलं. तसं नव्हतं. हेडमिस्ट्रेस घाबरलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. फोन घ्यायला बाहेर जाताना त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं होतं. "ये ख़ाली छोड़ दो, बेटा. नाम की ज़रूरत नहीं." मी तो रिकामा ठेवू शकत होते. अपुरा तक्ता मला सहन होत नाही, असं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं. खरं इतकंच की रकाना रिकामा राहिला तर कुणीतरी त्यात माझं नाव लिहील, याची मला भीती वाटली.

परतल्यावर तुम्ही आणखी नऊ वर्षं जगलात. पत्ता माझ्याकडे होता. आता फक्त तुमच्या मुलीचा आहे, आणि हे पत्र तिला पाठवता येईल. पाठवणार नाही. गेल्या महिन्यात फोनवर ती सहज म्हणाली, "युद्ध झालं म्हणूनच आमच्या आईला परत यावं लागलं ना?" मी हो म्हटलं.