सातवी अ ची स्पॅनिश

१६ जून
शाळा सुरू. आमचे संस्थाचालक बद्रीनाथअण्णा यांनी प्रवेशाच्या बॅनरवर ‘वाटूरमध्ये प्रथमच स्पॅनिश’ छापून टाकलं आणि मग स्टाफ मीटिंगमध्ये विचारलं, ही कोणाला येते. मी हात वर केला. येत नाही, पण येईल. माझे इंग्रजीचे तास नव्या प्रीती मॅडमना गेलेत. स्पॅनिश चालली नाही तर मला संस्थेच्या तीर्थपुरीच्या शाळेत जावं लागेल. घर इथे, बायकोची, सुरेखाची, अंगणवाडी इथे, मुलगी आकांक्षा इथेच सातवीत. दिवाळीपर्यंत अस्खलित बोलायचं ठरवलं. ॲप घेतलं.

१८ जून, सकाळी
पहिला धडा झाला. सोपी भाषा आहे. लोक उगाच घाबरतात.

२३ जून
सातवी अ ला पहिला तास. कोणी नाव विचारलं की म्हणायचं, ‘मे यामो प्रितम’, म्हणजे माझं नाव प्रितम. उदाहरणाला पहिल्या बाकावरचा प्रितम घेतला. पाढ्यांच्या चालीवर म्हणून घेतलं. आवाज ग्रामपंचायतीपर्यंत गेला म्हणे.

१ जुलै
प्रीती मॅडमचं म्हणणं, प्रत्येकाने आपापलं नाव घालून म्हणावं. नव्या आहेत. आधी पाठांतर, मग अर्थ. माझं स्वतःचं बी.एड. याच पद्धतीने झालं.

१४ जुलै
ॲपमधले फुकटचे धडे संपले. बरंच झालं. पाया पक्का हवा. उजळणी सुरू.

५ ऑगस्ट
उजळणी.

१९ ऑगस्ट
जालन्याच्या एका बियाणे कंपनीत चिलीहून एक बाई आल्यात. अण्णा त्यांना शनिवारी शाळेत आणणार. चिलीत काय बोलतात ते मोबाइलवर बघितलं. स्पॅनिशच बोलतात. सुरेखा म्हणाली, आजारपणाची रजा टाका. तिला माझ्या तयारीची कल्पना नाही.

२३ ऑगस्ट
बाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. त्यांनी आकांक्षाच्या गालाला हात लावून नाव विचारलं. ती म्हणाली, मे यामो प्रितम. शेजारच्या रूपालीला विचारलं. तीही प्रितम. मग प्रश्न ओळखीचा निघाल्यामुळे अख्खा वर्ग उभा राहिला आणि पाढ्यांच्या चालीवर प्रितम झाला. खरा प्रितम मामाच्या गावाला गेला होता. बाई माझ्याकडे वळल्या. मलाही तेच विचारलं. माझ्याही तोंडून प्रितमच निघालं.
उच्चार मात्र सगळ्यांचे स्वच्छ होते. बाई बराच वेळ हसत होत्या, म्हणजे खूश असाव्यात. अण्णा हसले नाहीत. त्यांना स्पॅनिश येत नाही.

२५ ऑगस्ट
अण्णांनी ऑफिसात बोलावलं. ‘‘सर, तीर्थपुरीला इंग्रजीची जागा खाली हाय. जल्दी जाऊन हजर व्हा,’’ एवढंच म्हणाले. तीर्थपुरीला माझी जास्त गरज दिसते.

२६ ऑगस्ट, संध्याकाळी
बॅग भरत होतो. आकांक्षा येऊन उभी राहिली. वर्गातल्या मुली हसून राह्यल्यात, म्हणाली. म्हटलं, हसतील दोन दिवस. ती हलली नाही.
‘‘पप्पा, तुम्ही मला पहिलीपासून इंग्रजी शिकवलं, ते तरी बराबर हाय ना?’’
बिलकुल, म्हणालो.
ती इंग्रजीचं पुस्तक घेऊन प्रीती मॅडमच्या घरी गेली.