स्ट्रीमर घेण्याआधी

५ नोव्हेंबर २०१७, रविवार, सकाळी ७
निर्णय पक्का. स्ट्रीमर घ्यायचा. हाय-एंडच. मोबाइलला वायर जोडून गाणी ऐकणं बंद. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरची गाणी उचलून थेट अ‍ॅम्प्लिफायरला देणारा डबा. तेच काम मोबाइल फुकटात करतो, असं साधनाचं म्हणणं. बायको म्हणून तिचा मान आहे. या विषयात नाही.

तीन वर्षांपासून माझ्या सिस्टिममधून वरचे सूर गायब आहेत. तबल्याची चाट, काठावरचा तो टणक बोल, लागत नाही. सतारीवरचा शेवटचा जलद झाला गोधडीत गुंडाळल्यासारखा. अ‍ॅम्प्लिफायर बदलला, स्पीकर बदलले, वायरी दोनदा. उरलं काय? सोर्स, म्हणजे गाणी जिथून येतात तो मोबाइल. साधी वजाबाकी.

८ नोव्हेंबर
शॉर्टलिस्ट तयार. तीन मॉडेल, एक्सेलमध्ये सतरा रकाने. नंबर एक नॉर्वेचा. आता यात बदल नाही.

बोंडअळीनं यंदा कापसाची वाट लावली. आमची जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना, एकाच पाळीत. दुपारनंतर मशिनी बंद, सुपरवायझर म्हणजे मी मोकळा. मोकळा बसलो की कानात बारीक शिट्टी वाजत राहते. तीस वर्षांत शांततेची सवय राहिली नाही, म्हणून.

९ नोव्हेंबर
नंबर एक आता इंग्लंडचा. नॉर्वेवाल्याचा रिमोट प्लास्टिकचा निघाला.

खालच्या मजल्यावर योगेशचे ट्यूशन क्लास. त्याचा पुन्हा फोन. आवाज कमी करा, पोरं गणितं चुकून राहिली. आवाज वाढवला की वरचे सूर थोडे हाती लागतात, त्याला मी काय करू? दोष सोर्सचाच, हे यावरून सिद्ध.

१२ नोव्हेंबर, रविवार
सकाळच्या गाडीनं अकोल्याला, फारुखकडे. आयटीआयपासूनचा दोस्त. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. त्याच्याकडे एका गिऱ्हाइकाचा स्ट्रीमर आला होता, माझ्या यादीतला नंबर दोन.

फारुखनं परीक्षा घेतली. पडद्यामागून एकदा मोबाइल, एकदा स्ट्रीमर. कोणता कोणता ते मी सांगायचं. पाच फेऱ्या. पाचही वेळा मी ज्याला स्ट्रीमर म्हटलं, तो मोबाइल होता.

कारण उघड आहे. अकोल्याचं व्होल्टेज.

फारुख म्हणाला, "यार खुशाल, डबा बाद में ले. पहले कान चेक कर. आपली नगमा दवाखान्यात तेच तर करून राहिली." नगमा त्याची मुलगी, कानांच्या तपासण्या करते. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून फिरली. चहा अर्धा टाकून स्टेशन गाठलं. माझे कान! मशीनचं बेअरिंग कधी जाणार हे मी फाटकातून नुसत्या आवाजावरून सांगत आलो. मालक पंजाबराव चार लोकांत सांगतात तसं.

१३ नोव्हेंबर
फारुखशी संबंध कमी करायचे.

१९ नोव्हेंबर
खरा दोष अर्थिंगचा. अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली. साधनाचा मोगरा त्याच जागेवर होता, तो हलवावा लागला. ती दिवसभर बोलली नाही. किंवा बोलली असेल.

२० नोव्हेंबर
फरक जाणवतो आहे असं वाटतं.

२१ नोव्हेंबर
नाही जाणवत.

२८ नोव्हेंबर
मुंबईच्या डीलरला फोन करून बुकिंग केलं. नॉर्वेचाच. रिमोट काय, बदलता येतो. डीलरचं बोलणं पुटपुटल्यासारखं, तीनदा विचारावं लागलं. मुंबईचं नेटवर्क.

४ डिसेंबर, सोमवार
जिनिंगमध्ये आग. विझली.

सात नंबरच्या मशीनचं बेअरिंग तापलं, रुईनं पेट घेतला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा. बेअरिंगचा आवाज नव्हता. बिलकुल नव्हता. सरकीच्या ढिगावर कामाला असलेली सुंदराबाई पळत आली. मी तिलाच दटावलं, जागा काहून सोडली म्हणून. ती तोंडाजवळ येऊन ओरडली, "सायेब, मशीन मघापासून बोंबलून राहिली, तुमाले आयकू नाई येत का?" मागे वळलो तर धूर. वाळूच्या बादल्या तिनंच ओतल्या. तळहात भाजला तिचा.

५ डिसेंबर
रिपोर्ट दिला. बेअरिंगनं पूर्वसूचना दिली नाही. सुंदराबाईनं परवानगी न घेता जागा सोडली. मालकांनी तिला पंधरा दिवस घरी बसवलं. नियम म्हणजे नियम.

जेवण गेलं नाही. हरभऱ्याची भाजी होती, तरी.

७ डिसेंबर
फिटर मालकांना सांगून आला की त्याला ते बेअरिंग फाटकापाशी ऐकू आलं. कावा आहे. साधनाला सांगितलं. ती म्हणाली, "मी तुमाले एका जागेवरून तीनदा हाक मारतो. चौथ्यांदा उठून येतो." हिलाही फितवलं.

ठरलं. अकोल्याला जायचं. नगमाकडून कान उत्तम असल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि मालकांच्या टेबलावर टाकायचं.

९ डिसेंबर, शनिवार
नगमानं काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीचे सगळे दाबले, एकही चुकला नाही. मग ती थांबली. बराच वेळ झाला. काचेतून हात करून म्हटलं, चालू कर की, मला परतीची गाडी आहे.

ती आत आली. हेडफोन काढला. म्हणाली, "काका, चालूच होतं."

कागदावर डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे; रेघ डावीकडून सरळ निघाली होती आणि अर्ध्यात विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. दोन्ही कानांची. "मशिनींच्या आवाजानं होते हे. हळूहळू जाते, म्हणून समजत नाही. शिट्टी वाजते का कानात?" मी नाही म्हटलं. मग हो म्हटलं.

फारुख बाहेर बाकावर बसला होता. घरी नेलं, समोर बसून जेवू घातलं.

१० डिसेंबर
तपासणीचं यंत्र जुनं असू शकतं.

११ डिसेंबर, सोमवार
यंत्र नवं आहे. फोन करून विचारलं.

मालकांकडे गेलो, कागद दिला. रिपोर्ट खोटा होता, असं तोंडानं सांगितलं. बेअरिंग ओरडत होतं, मला ऐकू आलं नाही. सुंदराबाई नसती तर शेड गेलं असतं. पंजाबरावांनी कागद पाहिला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग उद्यापासून काट्यावर बस म्हणाले. गाड्यांची वजनं लिहायची. मशिनींकडे जायचं नाही.

१२ डिसेंबर
सुट्टी टाकून दर्यापूरला गेलो, सुंदराबाईच्या घरी. हाताला पट्टी, तरी डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होती. सांगितलं, कामावर या, चूक माझी होती, मला कमी ऐकू येतं.

ती म्हणाली, "तुमाले आयकू येत नाई, हे साऱ्या जिनिंगले मालूम हाये. आमी हातवारे करूनच बोलतो तुमच्यासंगं. तुमाले काय वाटे?"

मला वाटायचं, लोक उत्साही आहेत.

"पन माह्यावर लिवलं ते काहून लिवलं?" तिनं हळू विचारलं असावं. ओठांवरून कळलं. मी खाली बसून शेंगा सोलायला घेतल्या. ती उद्या येते म्हणाली, आणि चहा ठेवला.

१५ डिसेंबर
डीलरला मेसेज करून बुकिंग रद्द. कारण लिहिलं: वैयक्तिक.

७ जानेवारी २०१८, रविवार
नगमानं कानात दोन मशिनी बसवल्या. सोबत गळ्यात घालायचा एक डबा दाखवला. मोबाइलची गाणी थेट कानात येतात. त्यालाही स्ट्रीमरच म्हणतात म्हणे. दोन मॉडेल आहेत. विचार करून सांगतो म्हटलं.

घरी येऊन तबला लावला. चाट आली. पत्र्यावर चमचा मारल्यासारखी. नगमा म्हणते, सवय व्हायला महिने लागतील. बंद केलं.

१४ जानेवारी, रविवार
फ्रिजला आवाज असतो. पेपरचं पान उलटलं तरी असतो. आठ दिवसांत सिस्टिम लावली नाही.

संक्रांतीनिमित्त साधनाला बहिणीचा, शकुनचा फोन आला. मी बाहेरच्या खोलीत. ती स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात बोलत होती. "गाणे बंद हायेत वं आठ दिवसांपासून. हो न. घरात इतकं बरं वाटून राहिलं, काय सांगू. पन त्यायले नको सांगू, वाईट वाटन."

शब्द न् शब्द ऐकू आला.

आत गेलो. तिनं फोन ठेवला, मोठ्यानं विचारलं, काही पाहिजे का. म्हटलं, नाही. तिळगूळ दिला तिनं. खाल्ला.